बाजू घेतली ते बरंच केलं, पण

आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' मी पहिल्यांदा पाहिली ती नोकरीला लागले त्या सुमारास, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून, आणि अर्ध्यात झोप लागली होती. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे उगाच जाणकार असल्याचा आव नको. डॉक्युमेंट्री तीन तासांच्या आसपास जाते, बनवायला चौदा वर्षं लागली होती, आणि दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाने रात्री साडेदहाला लावायची ती गोष्टच नाही. आता परत लावली, दोन रात्रींत पुरी केली, आणि तेव्हापासून डोक्यात काहीतरी ठणकतंय. आवडली का विचाराल तर हो. पटली का विचाराल तर थांबा, जरा बसून बोलू.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ जुलै १९९७, शुक्रवार. घाटकोपर पूर्वेला हायवेच्या कडेला रमाबाई आंबेडकर नगर आहे, तिथे सकाळी सकाळी लोकांना दिसलं की बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलीय. लोक रस्त्यावर आले, हायवे अडवला, एसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलीस आले आणि गोळीबार झाला. दहा माणसं मेली. सरकार तेव्हा युतीचं, मुख्यमंत्री मनोहर जोशी, गृहखातं गोपीनाथ मुंडेंकडे. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी मुलुंडला आपल्या झोपडीत आत्महत्या केली. हे घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या 'हमारा शहर'मधे गायले होते, म्हणजे दोघांची ओळख जुनी, आणि सिनेमा सुरू होतो तो या मित्राच्या मरणापासून. डाव्या चळवळीत वर्षानुवर्षं गायलेला हा माणूस जाताना कपाळाला निळी पट्टी बांधून गेला. लाल नाही, निळी.

मी मुलुंडची. तेव्हा तिसरीत होते. त्या दिवसाची माझी आठवण एवढीच की बाबा ऑफिसातून आलेच नाहीत, आईने आमटी दोनदा गरम केली, आणि ते रात्री उशिरा विक्रोळीपासून चालत आले, चपलेचा अंगठा तुटलेला, आल्याआल्या मोरीत पाय धुवायला गेले आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "टँकर पेटवणार होते म्हणे, गॅसचा. अख्खं घाटकोपर उडालं असतं." बस. आमच्या घरात ११ जुलैचा निकाल त्या रात्री मोरीतूनच लागला. पुढची किती तरी वर्षं कुणी रमाबाई नगर म्हटलं की माझ्या डोक्यात टँकरच यायचा, मेलेली दहा माणसं यायची नाहीत, आणि ती शोधायला मी कधी गेलेही नाही कारण शोधण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

त्यामुळे सिनेमातला टँकरचा भाग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. पोलिसांचं म्हणणं असं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. आणि सिनेमा काय करतो तर शांतपणे दाखवतो की टँकर कुठे आणि माणसं पडली ती जागा कुठे. आरडाओरडा नाही, संगीत नाही. ज्या गल्लीत पोरगं पडलं ती गल्ली, दाराच्या आत उभी असलेली माणसं, आणि रस्त्यावरचं ते अंतर. जस्टिस गुंडेवारांच्या चौकशी आयोगानेही हा गोळीबार समर्थनीय नाही असंच म्हटलं, आणि ज्या अधिकाऱ्याने हुकूम दिला त्याला २००९ साली कोर्टाने जन्मठेप सुनावली, मग अपिलात हायकोर्टाने जामीन दिला. म्हणजे गोळीबारानंतर बारा वर्षांनी शिक्षा, आणि लगेच जामीन. हे सगळं पेपरात आलं होतंच, काही गुपित नाही, पण आमच्या घरी तो पेपर आला तेव्हा आम्ही बहुतेक क्रिकेटचं पान वाचत होतो.

तर सिनेमाचं माझ्यावर हे एक मोठं ऋण आहे. बाबांनी मोरीतून दिलेली बातमी खोटी होती, आणि बाबा काही खोटं बोलणारे नव्हते, त्यांनी बसमधे ऐकलेलं तसंच घरी आणलं, आणि बसमधल्या माणसाने कुठूनतरी ऐकलेलं. सरकारने एकदा एक वाक्य सोडून दिलं की ते बेस्टच्या बसने घरोघर जातं, ते परत बोलवायला कुणी बस सोडत नाही. पटवर्धनांनी चौदा वर्षं खर्चून सोडली.

म्हणून ज्यांची पहिली तक्रार असते की "एकतर्फी आहे हो," त्यांच्याशी माझं जमत नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी या सिनेमाबद्दल लिहिलं तर दहा मिनिटांत तीन जणांचं तेच उत्तर, त्यातल्या एकानेही पाहिलेली नाही. अरे, दुसरी बाजू तुम्ही ऐकलीयतच की! तीच तर ऐकत मोठे झालो आपण. एका बाजूला गृहखातं, पोलीस, पत्रकार परिषद, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस कॅमेरा घेऊन, आणि त्याने म्हणे बॅलन्स राखायचा. तराजूच्या एका पारड्यात आधीच पाच किलोचं वजन बसलेलं असताना दुसरीकडे पन्नास ग्रॅम टाकणाऱ्याला आपण म्हणतो की तू वजन का टाकलंस. पटवर्धनांना हे नवीन नाही म्हणा, 'वॉर अँड पीस'च्या वेळी सेन्सॉरने एकवीस कट सांगितले होते आणि हायकोर्टात जाऊन त्यांनी एकही कट न देता सिनेमा सोडवून आणला होता. त्यांना आमच्या फॅमिली ग्रुपची काय पडलीय.

पण. आणि हा पण बराच लांबलाय मनात.

सिनेमात सहा डिसेंबरचा भाग आहे. चैत्यभूमीला लाखो लोक येतात आणि कॅमेरा त्या वेळी शिवाजी पार्कच्या आसपासच्या सुस्थितीतल्या लोकांना विचारतो की तुम्हाला कसं वाटतं. उत्तरं कशी असणार ते तुम्हाला माहितीय. घाण करतात, वास येतो, वगैरे. पटवर्धनांची ती सवय आहे, कॅमेऱ्यामागून हळू आवाजात, अगदी भोळेपणाने एखादा साधा प्रश्न टाकायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं, तो आपोआप खड्ड्यात जातो. मी हसले. मोठ्याने हसले. आणि मग पुढचा सीन सुरू झाला तरी माझं लक्ष तिथे नव्हतं कारण मला आत्या आठवली.

माझी आत्या दादरची, पार्कापासून चार मिनिटांवर. आम्ही लहान असताना ती दर वर्षी ५ डिसेंबरला संध्याकाळी बॅग घेऊन मुलुंडला आमच्याकडे यायची आणि आठ तारखेला परत जायची. आम्हाला वाटायचं आत्या थंडीची सुट्टी घेऊन येते. ती आली की डिंकाचे लाडू यायचे, पत्ते व्हायचे, मेंढीकोट रात्री बारापर्यंत. ५ डिसेंबर म्हणजे आत्या हे इतकं पक्कं होतं की शाळेत सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असतो हे शिकवलं तेव्हाही माझ्या डोक्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या नाहीत. सिनेमा बघताना जोडल्या गेल्या, वयाच्या पस्तिशीत. आत्या सुट्टीला येत नव्हती, आत्या कुलूप लावून पळत होती.

आता ही आत्या कोण? महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण. वर्गातली निम्मी पोरं वस्त्यांमधली. पोरांच्या वह्या स्वतःच्या पैशाने आणायची, एका मुलीचं लग्न चौदाव्या वर्षी लावायला निघाले तर तिच्या घरी जाऊन भांडून आली, ती मुलगी आज नर्स आहे आणि दिवाळीला फोन करते. आणि ही बाई ५ डिसेंबरला कुलूप लावते. दोन्ही खरं. तिला तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभं केलंत तर ती पण तेच बोलेल, घाण करतात हो, आणि वीस सेकंदांनी कट होईल, आणि थिएटरातले सगळे हसतील, माझ्यासकट.

माझी तक्रार ही नाही की सिनेमाने माझ्या आत्यासारख्यांवर अन्याय केला. कसला अन्याय, त्या बोलल्यात ते बोलल्यात. माझी तक्रार उलटी आहे, सिनेमाने त्यांना फार स्वस्तात सोडलं. आणि मलाही. वीस सेकंदांत मी हसून मोकळी झाले, मी त्यांच्यातली नाही हे सर्टिफिकेट मला फुकट मिळालं. हाच कॅमेरा जर आत्याच्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसला असता, तिच्या वह्यांचं, त्या नर्सचं, आणि मग कुलपाचं सगळं ऐकलं असतं, तर मला हसता आलं नसतं. जात चांगल्या माणसांत कशी राहते, प्रेमळ माणसांत कशी मुरलेली असते हे तिथे दिसलं असतं. खलनायक दाखवला की प्रेक्षकाला आराम मिळतो, आणि हा सिनेमा बाकी कुठेच आराम देत नाही, खैरलांजीतल्या दलित कुटुंबाचं हत्याकांड आहे त्यात, कचरा उपसणारे कामगार आहेत त्यात, मग नेमका इथेच का दिला?

(मी एकदा सहा डिसेंबरला गेले पार्कात, मोठेपणी, मुद्दाम. घाणीचं सांगू का, तिथे मला सगळ्यात जास्त काय दिसलं तर पुस्तकं. रांगाच्या रांगा. राज्यघटनेच्या प्रती, बाबासाहेबांचे खंड, बुद्धाच्या मूर्ती, कॅलेंडरं. मराठवाड्यातून आलेली एक आजी, नऊवारी, पायात तुटकी स्लिपर, नातवासाठी पुस्तक मागत होती, वाचता येत नव्हतं तिला, विक्रेत्याला म्हणाली मोठ्या अक्षराचं दे. साहित्य संमेलनाला जाणाऱ्या आमच्या वर्गात पुस्तकासाठी रात्रभर जनरल डब्यात उभं राहणारी एक आजी दाखवा मला.)

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते मोठी. निळी पट्टी.

सिनेमाचं नावच दोन सलाम जोडून केलंय. जय भीम आणि कॉम्रेड. घोगरे या दोघांच्या मधे उभे होते. आव्हान नाट्य मंचात गायले, मजुरांसाठी गायले, मोर्च्यात गायले, आणि नंतर त्याच संघटनेने त्यांना दूर केलं. मग रमाबाई नगर झालं आणि जाताना त्यांनी निळं बांधलं. यापेक्षा मोठा प्रश्न सिनेमात दुसरा नाही, की आयुष्यभर 'जगातल्या कामगारांनो' म्हटलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी आपण आधी कोण आहोत ते असं कपाळावर बांधून का सांगावं लागलं? आणि हा प्रश्न पोलिसांना विचारायचा नाहीये, मनोहर जोशींना नाही, शिवाजी पार्कातल्या काकूंना नाही. हा कॉम्रेडांना विचारायचा आहे. म्हणजे पटवर्धनांच्या आपल्या माणसांना.

सिनेमा विचारतो, नाही असं नाही. पण हळूच विचारतो. जो माणूस दुसऱ्यांना भोळ्या आवाजात प्रश्न विचारून खड्ड्यात घालतो तो इथे खड्ड्याच्या कडेकडेने चालतो असं मला सारखं वाटत राहिलं. मित्र गेलाय, दुःख आहे, समजू शकते. पण मग टँकरचं अंतर जसं मोजलं तसं हे अंतर कोण मोजणार?

आणि हे अंतर काही १९९७ सालचं नाही. मुंबईच्या गिरण्यांमधे विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धागा तुटला की तो थुंकी लावून जोडायचा आणि त्या धाग्याला त्यांचं तोंड लागलेलं सवर्ण कामगारांना चालत नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. एकाच मालकाविरुद्ध लढणारे, एकाच चाळीच्या आसपास राहणारे, लाल बावट्याखालचे कामगार, आणि मधे थुंकीचा धागा. पुढे १९३८ साली बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एकत्र रस्त्यावर उतरलेही, एक दिवसाचा मोठा संप झाला, आणि तरी १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पडले तेव्हा कम्युनिस्ट पुढारी डांगेंच्या प्रचारावर केवढा राग होता हे जुन्या लोकांना विचारा. घोगरेंची पट्टी या धाग्याची आहे. तो धागा नीट ओढला असता तर सिनेमा डाव्या प्रेक्षकालाही तितकाच बोचला असता जितका तो माझ्यासारख्या मुलुंडकरणीला टँकरने बोचला.

बाजू घेण्याला माझी हरकत नाहीच, उलट बाजू न घेता या विषयावर सिनेमा बनवणारा मला संशयास्पद वाटेल. पण एकदा बाजू घेतली की आपल्या बाजूच्या माणसांना जास्त कडक प्रश्न विचारायचे असतात. समोरच्याचं काय, त्याला कसंही विचारा, तो आपला सिनेमा बघायला येणारच नाहीये. बघणार आपलीच माणसं.

मग मी हे सगळं ऑफिसातल्या मैत्रिणीला ऐकवलं. ती विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली, वडील बँकेतून रिटायर झालेले, तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. मला वाटलं ती म्हणेल बरोबर आहे तुझं. ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "अगं, तुझी आत्या आणि तुझे कॉम्रेड, दोन्ही तुमचंच की. आमचं काय त्यात?" मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाली, "आमची माणसं या सिनेमांत एकतर मरतात नाहीतर गातात. माझे वडील बँकेत तीस वर्षं कॅश मोजत होते, त्यांच्या मागे कुणी कॅमेरा घेऊन नाही फिरलं."

आधी मला हे थोडं अन्यायाचं वाटलं. कारण गाणं हाच या सिनेमाचा कणा आहे आणि ते उगाच नाही. ज्यांच्या हातात छापखाना नव्हता त्यांनी इतिहास गाण्यात ठेवला, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक ही काय नुसती करमणूक होती का. बाया जात्यावर, लग्नात, जयंतीला भीमाची गाणी म्हणतात तेव्हा ते त्यांचं वर्तमानपत्र असतं. आणि शेवटच्या भागात कबीर कला मंचाची पोरं येतात, पुण्याची, शीतल साठे गायला लागते तेव्हा लॅपटॉपच्या फडतूस स्पीकरमधून सुद्धा अंगावर काटा येतो. त्यांच्यावर नक्षलवादाचे आरोप झाले, काही जण पकडले गेले, काही भूमिगत झाले आणि सिनेमा तिथेच संपतो, पण आज बघणाऱ्याला पुढचं माहीत असतं. एप्रिल २०१३ मधे शीतल आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले, ती गरोदर होती तेव्हा. सचिन, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळेपर्यंत २०१७ उजाडलं. आणि २०२० ला सागर, रमेश आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषदेच्या केसमधे परत अटक. गाणारी पोरं. ती गात होती ते फुटेज आज सिनेमा कमी आणि पुरावा जास्त वाटतं, की बघा, हे असं गात होते.

पण मैत्रिणीचा मुद्दा त्यानंतरही तिथेच उभा राहतो, टेबलावरून हलत नाही. गाणारा आणि मरणारा दलित आम्हाला बघवतो. त्याच्यासाठी आमच्याकडे टाळ्या आहेत आणि अश्रू आहेत. आपल्याच मजल्यावर फ्लॅट घेणारा, आपल्या वरच्या पोस्टवर बसणारा, पोरीला कथकला घालणारा, त्याच्याशी काय करायचं ते आम्हाला कळत नाही, आणि सिनेमालाही तो फारसा दिसत नाही. हा दोष एकट्या पटवर्धनांचा म्हणणं जड जाईल, कारण एका सिनेमात सगळं कोंबता येत नाही आणि आधीच तीन तास झालेत. पण मला हे सुचलं नव्हतं, मी आत्या आणि कॉम्रेड करत बसले होते, हे लिहून ठेवायला हवं.

रमाबाई नगर आता मोडतंय. पूर्वमुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे, पुनर्विकास आहे, हायवेवरून जाताना पत्रे ठोकलेले दिसतात. नवीन घरं मिळतील, मिळायलाच हवीत, चाळीस चाळीस वर्षं नाल्याच्या कडेला राहिल्यावर लिफ्टची बिल्डिंग मागणं हा हक्कच आहे. पण सिनेमात जी गल्ली आहे, ज्या गल्लीवरून कळतं की टँकर किती लांब होता, ती गल्ली नंतर फक्त सिनेमात उरेल. त्यामुळे माझ्या सगळ्या तक्रारी धरूनही मी लोकांना सांगते की बघा, झोप आली तर दुसऱ्या रात्री बघा.

मैत्रिणीने तिच्या वडिलांना मोबाइलवर लिंक पाठवली होती. मी विचारलं काय म्हणाले बाबा. म्हणाली, त्यांनी घोगरेंचं गाणं येईपर्यंत पुढे ढकलला, ते गाणं तीनदा ऐकलं, मांडीवर बोटांनी ठेका धरला, आणि मग मोबाइल परत देताना म्हणाले, "ढोलकी जरा मागे राहिलीय, पण आवाज बघ."